घरच्या डीव्हीडीत आवाज का तुटतो, आणि तो तुटलाय कुठे हे कसं शोधायचं

घरी बनवलेली डीव्हीडी प्लेअरला लावली, मेनू आला, चित्र अगदी स्वच्छ, रंग बरोबर, आणि आवाज मात्र अर्धा येतोय अर्धा जातोय, मधेच टक, मधेच अर्धा सेकंद काहीच नाही, परत सुरू. हा प्रॉब्लेम ज्याने ज्याने जुनं लग्न, मुंज, बारसं डिस्कवर घेतलंय त्याला कधी ना कधी आलेलाच असतो. आणि मग पहिली गोष्ट काय होते तर प्लेअरला दोष दिला जातो, नाहीतर डिस्क स्वस्तातली होती म्हणून फेकली जाते आणि तीच फाईल दुसऱ्या डिस्कवर परत राइट केली जाते, आणि आवाज परत त्याच जागी तुटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्क परत राइट करायच्या आधी आवाज नक्की कोणत्या टप्प्यावर तुटलाय ते शोधा, ते शोधायला अर्धा तास पुरतो, आणि नव्वद टक्के काम तिथेच होतं.

चित्र नीट आणि आवाजच का खराब, हे आधी सांगतो कारण सगळ्यांना हाच प्रश्न पडतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल सिस्टीममध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात, त्यातली एखादी गेली तर प्लेअर आधीचीच फ्रेम दाखवत राहतो, डोळ्याला कळतसुद्धा नाही. आवाजाचं तसं नाही. डीव्हीडीवर डॉल्बी म्हणजे एसी-३ आवाज असेल तर तो ३२ मिलिसेकंदांच्या तुकड्यांमध्ये ठेवलेला असतो, एक तुकडा खराब आला की बहुतेक प्लेअर तेवढा वेळ आवाज बंद करतात, आणि कानाला ते भोक लगेच टोचतं. गाण्यात कमी टोचतं, बोलण्यात जास्त, आणि मंगलाष्टकांसारख्या लांब ओढलेल्या सुरात सगळ्यात जास्त.

मंगलाष्टकांचं उदाहरण मुद्दाम देतोय. मामेबहिणीचं लग्न सांगलीला झालं त्याच्या चार व्हीसीडी म्हणजे व्हिडिओ सीडी होत्या, त्या काळात लग्नाचं शूटिंग असंच मिळायचं, प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये सीड्यांचा सेट आणि वर नवरा-नवरीचा फोटो. मामेभावाने त्या चारही मिळून एक डीव्हीडी घरीच केली आणि मामीला दिली. मामीचा फोन आला, "अरे चित्र छान दिसतंय रे, पण गुरुजींचं अर्धं अर्धंच ऐकू येतंय आणि आजोबा म्हणतात ते तर काहीच कळत नाही." आमच्या आजोबांनी त्या लग्नात एक मंगलाष्टक स्वतः म्हटलं होतं, आणि त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेही रेकॉर्ड झालेला नाही. त्यामुळे हे काम मी चालढकल न करता हातात घेतलं.

तर पहिली तपासणी. डीव्हीडी प्लेअरमधून काढायची, कॉम्प्युटरला लावायची, आणि त्यातला व्हिडिओ टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून तो व्हीएलसी या व्हिडिओ चालवायच्या प्रोग्रॅममध्ये लावायचा. कॉपी करताना अडखळलं, एरर आली, तर डिस्कच वाचता येत नाहीये, म्हणजे दोष डिस्कचा किंवा राइट करण्याचा. कॉपी सुरळीत झाली आणि हार्ड डिस्कवरूनही आवाज त्याच जागी तुटतोय, तर डिस्क निर्दोष, फाईल बनवतानाच गडबड झालीय. हार्ड डिस्कवर नीट वाजतंय आणि फक्त प्लेअरमध्ये तुटतंय, तर मग दोन शक्यता, प्लेअर थकलाय किंवा फाईल अशी आहे की व्हीएलसी चालवून घेतो पण प्लेअर घेत नाही. व्हीएलसी फार उदार आहे, कसलाही माल पचवतो, त्यामुळे "कॉम्प्युटरवर तर चालतंय" याला पुरावा मानायचं नाही. आणि एक बघायचं, दर वेळी तुटतो तो त्याच मिनिटाला तुटतो की जागा बदलते. जागा बदलत असेल तर बहुतेक वेळा वाचणारी बाजू, म्हणजे प्लेअरची लेन्स किंवा ड्राइव्ह, आणि जागा पक्की असेल तर डिस्क किंवा फाईल.

मामीच्या डिस्कचं तिसरं प्रकरण निघालं, व्हीएलसीमध्ये जवळजवळ नीट, प्लेअरमध्ये सगळीकडे तुटक. अशा वेळी मी लगेच मीडियाइन्फो नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडतो, तो फुकट आहे आणि फाईलच्या पोटात काय आहे ते सगळं सांगतो. त्यात आवाजाचा सॅम्पलिंग रेट दिसला ४४.१ किलोहर्ट्झ. झालं, इथेच सापडलं.

हे नीट समजून घ्या कारण व्हीसीडीवरून डीव्हीडी करणाऱ्या प्रत्येकाला हे आडवं येतं. व्हीसीडीचा आवाज ऑडिओ सीडीसारखाच सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो, एमपी२ प्रकारचा, २२४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला २२४ किलोबिट. डीव्हीडीचं स्टँडर्ड मात्र ४८,००० मागतं. काही डीव्हीडी बनवणारे प्रोग्रॅम स्वतःहून बदलून घेतात, काही अडवतात, आणि काही नुसती वॉर्निंग दाखवून पुढे जाऊ देतात. मग अशी डिस्क एका प्लेअरवर बरी चालते, दुसऱ्यावर गप्प बसते, तिसऱ्यावर अडकत अडकत वाजते, आणि घरातल्या घरात वाद सुरू होतात की माझ्याकडे तर चालली होती. नियमात न बसणाऱ्या आवाजाचं काय करायचं हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय, त्यामुळे प्लेअर बदलून उत्तर मिळत नाही, आवाज ४८ करून घेणं हाच उपाय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला वाटतं फार थोड्यांना माहीत असते. आवाज बदलायचा म्हणून चित्र परत एन्कोड करायची, म्हणजे नव्याने दाबून लिहायची, काहीही गरज नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ असतं, एमपीईजी-१, ११५० केबीपीएस, आणि हे जसंच्या तसं डीव्हीडीच्या नियमात बसतं, डीव्हीडी एमपीईजी-१ चित्र या साइजमध्ये १८५६ केबीपीएसपर्यंत चालवते. पण बरेचसे सोपे प्रोग्रॅम ते ७२० बाय ५७६ करून परत एन्कोड करतात, तासन् तास लागतात, आणि मुळात धूसर असलेलं चित्र आणखी धूसर होतं, चेहरे मेणाचे दिसायला लागतात. तसं करू नका. एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओला कॉपी म्हणून सांगायचं आणि फक्त ऑडिओ एसी-३, १९२ केबीपीएस, ४८,००० हर्ट्झ असा करून घ्यायचा, काम काही मिनिटांत होतं आणि चित्राचा एक कणही बदलत नाही. नंतर डीव्हीडी ऑथरिंगच्या, म्हणजे मेनू लावून डीव्हीडी तयार करायच्या, प्रोग्रॅममध्ये "री-एन्कोड करू नको" असं जे सेटिंग असतं ते शोधून लावायचं, नाहीतर केलेलं सगळं वाया. चार व्हीसीडी अगदी काठोकाठ भरलेल्या असल्या तरी एका सीडीत ८०० एमबीच्या आसपास व्हिडिओ असतो, म्हणजे सगळं मिळून ३.२ जीबी, एका डीव्हीडीत आरामात मावतं.

एवढं केल्यावर मामीच्या डिस्कचा तुटकपणा जवळपास गेला, राहिल्या दोन गोष्टी. एक म्हणजे जिथे एक सीडी संपून दुसरी सुरू होते तिथे टक असा आवाज, आणि दुसरं म्हणजे आजोबांचं मंगलाष्टक.

जोडांचं आधी सांगतो. पालची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, एसी-३ चा तुकडा ३२ चा, दोघांचं टोक जुळतं दर १६० मिलिसेकंदांनी. म्हणजे तुम्ही एखादी क्लिप जिथे कापाल तिथे आवाज आणि चित्र एकाच वेळी संपण्याची शक्यता कमीच, कुठेतरी थोडं उरतं किंवा कमी पडतं. दोन-चार क्लिपा जोडल्या तर एखादी टक, एवढंच, पण एखाद्याने वाढदिवसाच्या छोट्या छोट्या चाळीस क्लिपा प्रत्येकी वेगळ्या एन्कोड करून एकापुढे एक लावल्या की प्रत्येक जोडाला एक टक, आणि शेवटाकडे ओठ आणि शब्द वेगवेगळे. यावर उपाय असा की सगळ्यांचे आवाज आधी साध्या वेव्ह फाईलमध्ये काढायचे, प्रत्येकाची लांबी त्याच्या चित्राच्या लांबीशी ताडून बघायची, कमी असेल तिथे शेवटी शांतता भरायची, मग सगळ्या वेव्ह ऑडासिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये एकाला एक लावून एक अखंड फाईल करायची आणि ती अखंड फाईल एकदाच एसी-३ करायची. एन्कोड एकदाच, हे लक्षात ठेवा. कटकटीचं वाटतं पण जोड पूर्ण गायब होतात.

आता मंगलाष्टक. इथे दोष मुळातच होता, मूळ व्हीसीडीवर चरा होता आणि नेमका त्या जागी. व्हीसीडी चऱ्याला फार हळवी असते आणि त्याला कारण आहे. साध्या डेटा सीडीवर एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती आणि बाकीच्या जागेत चुका दुरुस्त करायची सोय असते. व्हीसीडीच्या व्हिडिओ ट्रॅकमध्ये त्याच सेक्टरमध्ये २३२४ बाइट माहिती कोंबलेली असते, जास्त मिनिटं मावावीत म्हणून, आणि ती दुरुस्तीची वरची पायरी सोडून दिलेली असते. ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबी व्हिडिओ मावतो तो यामुळेच. चालताना एखादा सेक्टर गेला तर चित्रात चौकोन दिसतील, आवाज टचकन तुटेल, पुढे चालू. पण तीच सीडी विंडोजमध्ये उघडून त्यातली डॅट फाईल, म्हणजे तिचा व्हिडिओ, कॉपी करायला गेलात तर विंडोज चऱ्यापाशी सायक्लिक रिडंडन्सी चेक अशी एरर देऊन सगळंच सोडून देतं.

अशा वेळी आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम वापरायचा, तो एकेक सेक्टर काढतो, खराब सेक्टर वगळून पुढे जातो आणि कोणते गेले त्याची यादीही देतो. आधी सीडी कोमट पाण्याने, अगदी थोड्या सौम्य साबणाने धुऊन मऊ सुती कापडाने पुसायची, पुसताना मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल पुसू नका, कारण ट्रॅक गोल जातो आणि गोल चरा पडला तर तो एकाच ठिकाणची सलग माहिती मारतो. आणि शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, हे अगदी मनापासून सांगतो, एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, जुने जाडजूड डेस्कटॉपवाले ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा पुष्कळदा जास्त वाचतात असा माझा अनुभव आहे. सीडी उजेडासमोर धरून बघा, छापील बाजूकडून खरवडून आरपार भोक दिसत असेल तर तिथली माहिती कायमची गेलेली असते, कारण सीडीचा चमकणारा थर त्या छापील बाजूच्या अगदी खालीच असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितात, तिथेच घात होतो.

आमच्या सीडीवर मंगलाष्टकाचे काही सेक्टर कुठल्याच ड्राइव्हला मिळाले नाहीत. तेव्हा डोक्यात आलं की लग्नाचा सेट एकच कधी नसतो, एक वधूपक्षाकडे जातो आणि एक वरपक्षाकडे. व्याह्यांकडे फोन केला, त्यांनी कपाटातून त्यांचा सेट शोधून काढला, त्याच्यावरही चरे होते, पण वेगळ्या जागी! दोन्ही सेट एकाच मूळ फाईलवरून केलेले, त्यामुळे सेक्टर न सेक्टर सारखे, आमच्याकडे जे गेलं ते त्यांच्याकडे शाबूत. त्यांच्या सीडीवरून तेवढा तुकडा काढला, आमच्या फाईलमध्ये त्याच जागी बसवला, आणि आजोबांचं मंगलाष्टक पहिल्या अक्षरापासून "सावधान"पर्यंत सलग ऐकू आलं. मामी फोनवर काही बोललीच नाही बराच वेळ.

जर असा दुसरा सेट नसेलच तर गेलेल्या जागी शांतता भरायची, जोडून टाकायचं नाही, कारण खराब तुकडा गाळून पुढचा आवाज मागे ओढला की तिथून पुढे सगळं ओठांच्या आधी ऐकू यायला लागतं. प्रोजेक्टएक्स हा जुना जावातला प्रोग्रॅम हे काम आपोआप करतो, हरवलेले ऑडिओ तुकडे मोजतो आणि तेवढीच शांतता घालतो. एफएफएमपेगमध्येही ए-रीसॅम्पल फिल्टरला असिंक असं सेटिंग आहे, त्याने तेच होतं.

व्हीसीडीऐवजी कॅसेटवरून करताय तर थोडं वेगळं. मिनी डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचे दोन मोड असायचे, १६ बिट म्हणजे ४८ किलोहर्ट्झ आणि १२ बिट म्हणजे ३२ किलोहर्ट्झ, आणि घरगुती कॅमेरे पुष्कळदा १२ बिटवरच लावलेले असत. एकाच कॅसेटवर अर्धं एका मोडमध्ये आणि अर्धं दुसऱ्यात असेल तर कॅप्चर करणारा, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेणारा, प्रोग्रॅम सुरुवातीचा मोड धरून बसतो आणि पुढचं सगळं खरखरतं किंवा तुटतं, तेव्हा जिथे मोड बदलतो तिथे कॅप्चर थांबवून नवीन फाईल सुरू करा, आणि ३२ चं ४८ नंतर एकदाच करा. चित्रात आडवे पट्टे आणि आवाज तुटक असं एकत्र दिसलं तर कॅमेऱ्याचं हेड घाण झालंय, क्लीनिंग कॅसेट फिरवा.

व्हीएचएसचं एक गुपित सांगतो. हाय-फाय व्हीसीआर असेल तर त्यात आवाज दोन ठिकाणाहून येतो, फिरत्या हेडवरून हाय-फाय आणि टेपच्या कडेला साधा मोनो. जुन्या टेपचं ट्रॅकिंग, म्हणजे टेपवरच्या पट्ट्यांवर हेड जुळणं, जरा हललं की व्हीसीआर स्वतःच हाय-फायवरून मोनोवर उडी मारतो, परत हाय-फायवर येतो, परत मोनोवर, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आवाज तुटतोय. आधी ट्रॅकिंग हाताने जुळवून बघा, नाहीच जुळलं तर व्हीसीआरचं ऑडिओ सिलेक्शन नॉर्मल किंवा मोनोवर ठेवून कॅप्चर करा, थोडा दबका पण सलग आवाज मिळेल, आणि घरच्या माणसांच्या बोलण्याला सलगपणाच जास्त हवा.

बिटरेटचं, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाचली जाते त्याचं, थोडक्यात. डीव्हीडीत चित्र, आवाज सगळं मिळून १०.०८ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर जाता येत नाही. कोणी क्वालिटी हवी म्हणून चित्राला ९ देतो आणि आवाज पीसीएम म्हणजे न दाबलेला ठेवतो, तो एकटाच दीड एमबीपीएस खातो, झाली मर्यादा पार, आणि जिथे नाच, फटाके, वरात असं हलतं चित्र येतं नेमका तिथेच आवाज अडकतो. चित्र सरासरी ६, जास्तीत जास्त ८, आणि आवाज एसी-३, एवढ्यात सगळं छान बसतं.

राइट करताना मी १६एक्सच्या डिस्कवर ८एक्स स्पीड ठेवतो आणि इमगबर्न या डिस्क राइट करायच्या प्रोग्रॅममध्ये व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून ताडणं) चालू ठेवतो. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे आवाज फक्त शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत तुटत असेल तर बाहेरची कड नीट राइट झालेली नाही असं समजा, ४.७ जीबी म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात ४.३८, त्यातले ४.२ च भरा, कड मोकळी सोडा. वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो आणि फिरताना ती थरथरते.

आणि इतकं सगळं करूनही एखाद्या घरी आवाजच येत नसेल किंवा नुसती खरखर येत असेल, तर रिमोट हातात घ्या आणि प्लेअरच्या सेटअपमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट बघा. तिथे रॉ किंवा बिटस्ट्रीम असेल तर प्लेअर आवाज उलगडल्याशिवाय तसाच टीव्हीकडे किंवा होम थिएटरकडे पाठवतो, आणि समोरच्याला तो प्रकार कळला नाही तर गोंधळ होतो, एमपी२ आवाज असेल तर हमखास. तिथे पीसीएम करा. मामीकडे हेच शेवटचं राहिलं होतं, तिचा प्लेअर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला आणि सेटिंग रॉवर होतं, ते फोनवरून सांगून बदलून घेतलं. आता डिस्कची एक प्रत मामीकडे, एक व्याह्यांकडे आणि दोन्ही सेट जोडून केलेली मूळ फाईल माझ्या हार्ड डिस्कवर आणि मामेभावाच्या पेन ड्राइव्हवर आहे. तुमच्याकडे एखादी व्हीसीडी अशी अडकत असेल तर ती फेकून द्यायच्या आधी दुसऱ्या घरी फोन करून त्यांचा सेट आहे का तेवढं विचारा.